दोन्ही पात्यांचे नानामामा

आमचे नानामामा देवासात राहतात आणि सकाळचे पोहे दोन दुकानांत खातात. अर्धी प्लेट रस्त्याच्या या बाजूला, अर्धी त्या बाजूला. या बाजूचे पोहे भरवशाचे, रोज एकसारखे. त्या बाजूचे कधी खारट, कधी असे की बोटं चाटावीत. "मग एकाच ठिकाणी का नाही खात?" असं विचारलं की मामांना आपण काहीतरी असभ्य बोललो असं वाटतं. "बात अशी आहे की," ते म्हणतात, "दोन्ही पात्या सांभाळाव्या लागतात."

पात्यांचं असं आहे. राजेरजवाड्यांच्या काळी या एवढ्याशा गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, कचेऱ्याही दोन. मामांचे आजोबा थोरलीत कारकून आणि आजीचं माहेर धाकटीत, त्यामुळे घरात कुणाची बाजू घ्यायची सोयच नव्हती. राज्यं गेली, पण मामांच्या डोक्यातून पात्या काही गेल्या नाहीत. त्यांच्याकडे छत्र्या दोन, चष्मे दोन, पेपर दोन. भरवशाचं ते थोरलं, आवडीचं ते धाकटं.

आणि अशा माणसाकडे मला सल्ला घ्यायला पाठवलं! आमच्या आईचं डोकं, दुसरं काय.

माझी बारावी झाली होती आणि मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. आमच्या धारला लहानपणापासून मी दगड गोळा करत आले. नालछ्याच्या रस्त्यावर गाडी थांबली की बाकीची मंडळी भुट्टे खायची आणि मी खाली बसून दगड उलटेपालटे करायची. बाबांचं म्हणणं, बी.कॉम. कर, बँकेच्या परीक्षा दे. "दगड शिकून काय करणार? गिट्टीची खदान उघडणार?" बाबा दुष्टपणानं बोलत नव्हते. त्यांची स्वतःची नोकरी मध्ये गेली होती आणि ते दिवस मी पाहिलेत. त्यामुळे मला धड भांडताही येईना. सकाळी मी दगडवाली असायचे, संध्याकाळपर्यंत बँकवाली.

मामा जन्मभर बँकेत होते, म्हणून बाबांनाही ते चालले. मी देवासला पोचले तेव्हा विषय भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

हल्ली कॉलेजात एक विषय मेजर आणि एक मायनर घेता येतो, हे कळल्यावर मामांना भरतंच आलं. "अग, या तर पात्याच झाल्या! बँक थोरली, दगड धाकटा. मिटलं!" मी साइटवर पाहिलं. बी.कॉम.वाल्याला दगड मायनर मिळत नव्हता. मामांचा चेहरा असा पडला, जणू त्यांनाच नापास केलं.

मग सल्लामसलत सुरू झाली. भरवशाच्या पोहेवाल्यानं कढईतून मान वर न करता सांगितलं, "बिटिया, कॉमर्स ले लो, लाइफ सेट." पुढं कळलं की हा पोहेवाला भिया स्वतः एम.कॉम. आहे. आता बोला! मला हसावं की रडावं ते कळेना. घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

जेवणं होतायत तोच मामांचा फोन वाजला. कॉमर्स कॉलेजातले त्यांचे स्नेही, मुलगी कधी येतेय विचारत होते. फोन ठेवतायत तोच दुसरा, भूगर्भवाल्या प्राध्यापकांचा. मामांनी सकाळीच दोघांना सांगून ठेवलं होतं, "मुलगी आपलीच समजा."

"मामा, अहो, दोघांना हो कसं म्हणता?"

"मग नाही कुणाला म्हणू? वाईट वाटतं ग माणसाला."

मी डोक्याला हात लावला. मामा ताटावरून उठले, हात धुतले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. "असं मी एकदा आधीही केलंय," ते म्हणाले.

ते आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. लग्नाच्या वयात मामांना दोन स्थळं सांगून आली, एक बदनावरचं, एक नेमावरचं. बदनावरची शाळेत पगारी मास्तरीण. मामांनी दोन्हीकडे "पसंत आहे" कळवलं आणि दोन्हीकडची माणसं एकाच रविवारी सुपारी फोडायला दारात हजर! चहा पिऊन दोन्ही मंडळी निघून गेली, कायमची. प्रत्येक लग्नकार्यात आई हे सांगते आणि आम्ही पोट धरून हसतो. मामाही हसतात.

त्या दुपारी ते हसत नव्हते. "नेमावरची मला आवडली होती," ते म्हणाले. "म्हणजे, फार. पण बदनावरच्यांना नाही कसं म्हणायचं, यातच राहिलो. लोकांना वाटतं नानाला दोन्ही हवं असतं. काही नाही ग. मला नाही म्हणायची भीती वाटते. तू एकच घे. कुठलं ते मला विचारू नको, मला त्यातलं काही कळत नाही. पण दुसऱ्याला तोंडावर नाही म्हण."

मला एकदम रडू आलं. तशीच मी बाबांना फोन लावला. "बाबा, मी बँकेचं नाही करत."

बाबा म्हणाले, "मला भीती वाटते ग."

"मलाही वाटते," मी म्हटलं.

"बरं. भर मग दगड."

भरला. बरोबर केलं की चूक, मला आजही नीट सांगता येत नाही. प्रॅक्टिकलला हातोडी हातात असली की बरोबर वाटतं, बँकेची जाहिरात दिसली की अर्जाची शेवटची तारीख बघून ठेवते.

कॉमर्सवाल्या स्नेह्यांना मात्र मी मामांनाच फोन करायला लावला. त्यांना घाम फुटला, पण "नाही येणार ती" एवढं बोलले एकदाचे.

मी पिशवी भरली. मामा दारात घुटमळत होते. "बात अशी आहे की, चारची बस आहे, मागाहून पाचचीही आहे. आणि राहायचं तर रहा, घर तुझंच आहे. जायचं तर जा, आई वाट बघत असेल. दोन्ही ठीकच."

"मामा, एकच काय ते सांगा."

ते माझ्याकडे बघेनात. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रहा," म्हणाले. "संध्याकाळी इथं कुणी नसतं."