घाटात सेकंद बघतात

डिंगोऱ्याच्या उपसा पाणीवाटप संस्थेचा कॉम्प्युटर न्यायी होता, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की त्याचा न्याय होईपर्यंत लाईट जाते, त्याचं काय करायचं?

कॉम्प्युटर येण्याआधी पाण्याची पाळी संस्थेचे चेअरमन दादाभाऊ ठरवायचे. त्यांचा निर्णय डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचा. सकाळी मोटर चालू झाली की दादाभाऊ क्षणभर डोळे मिटायचे आणि ज्याचं शेत मनात येईल त्याचा व्हॉल्व्ह उघडायला सांगायचे. मनात पहिलं यायचं ते त्यांचं स्वतःचंच शेत असायचं, हा निव्वळ योगायोग होता; फक्त तो दोन निवडणुका टिकला. तिसऱ्या वेळी वार्षिक सभेत खुर्च्या हवेत गेल्या, आणि त्या खाली आल्यावर एकमताने ठरलं की यापुढे संस्थेचा प्रत्येक निर्णय कॉम्प्युटर घेईल. पाळीचाही, दंडाचाही. सोपानरावांची अक्षदा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करत होती. प्रोग्राम तिनं लिहावा असं ठरलं.

अक्षदाने तो मन लावून लिहिला. पीक कुठलं, उतार किती, काल कुणाला मिळालं, एवढं तिनं आपल्या बुद्धीने घातलं. बाकीचं सभासदांनी घालायला लावलं. कुणाचा बांध फुटका आहे, कुणाचं पाणी कुणाच्या हद्दीतून जातं, त्या दोघांचं सध्या बोलणं आहे का, नसल्यास कुणाच्या लग्नापासून नाही, हे सगळं त्या कॉम्प्युटरला विचारात घ्यावं लागे. इतकं ध्यानात घेऊन निकाल द्यायचा तर न्यायाधीशसुद्धा पुढची तारीख देतो. कॉम्प्युटर बिचारा तारीख न देता सकाळपासून विचार करत बसायचा. त्याचा विचार संपला की व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा, आणि तो उघडतो न उघडतो तोच शेतीची लाईट जायची.

तसं प्रत्येक व्हॉल्व्हला हाताने फिरवायचं चाक होतं. पण चाकाला हात लावणाऱ्याचं पाणी पूर्ण हंगाम बंद, असा संस्थेचा नियम होता, आणि तो सभेत टाळ्या वाजवून मंजूर झाला होता.

सोपानरावांचं शेत पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथं टोमॅटो फुलोऱ्यात आलेला. वरून चैत्राचं ऊन. फुलं देठातून सुटून वाफ्यात पडायला लागली तसे सोपानराव ओंजळभर फुलं घेऊन घरी आले आणि लेकीच्या लॅपटॉपशेजारी ठेवून म्हणाले, "अक्षदे, तुझं मशीन लई इमानदार हाये, मी न्हाई कुठं म्हनतो. पण ही आठवडाभराची गोष्ट हाये. नंतर पानी दिलं काय अन् गंगाजल दिलं काय."

अक्षदाने त्याच दुपारी आपली अडचण 'कोडघाटा'वर टाकली.

कोडघाट म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा ऑनलाइन मेळा. कुणी हिंजवडीत, कुणी बंगळुरात, एक जण तर थेट कॅनडात. पण भेटायचे सगळे कोडघाटावर. तिथले प्रमुख लोणीचे रामनाथ. आठवडाभर कंपनीत मान खाली घालून काम करायचे आणि यात्रांच्या दिवसांत बैलगाडा शर्यतीच्या चढणीवर, म्हणजे घाटावर, माइक धरून निवेदन करायचे. कोडघाटावर रोज सकाळी ते एक बातमी टाकत, की अमुक एक नवं टूल आलेलं असून आजपासून प्रोग्रामर या जातीची गरज संपली. सगळे सभासद हात जोडून त्यांचं अभिनंदन करत आणि डबा घेऊन कामावर जात. दुपारी कुणीतरी दुसरं टूल सुचवे, ते सकाळच्या टूलची गरज संपवणारं असे. आणि रविवारी व्हायची बारी.

बारी म्हणजे शर्यत. एक प्रश्न घ्यायचा, प्रत्येकाने त्यावर प्रोग्राम पळवायचा, ज्याचा सगळ्यात कमी सेकंदांत पळेल तो घाटाचा राजा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला तिथे गाडामालक म्हणत. प्रोग्रामला लक्ष्या, बादल, छब्या अशी नावं असत. नाव नोंदवताना लॅपटॉपला गुलाल लावून, वर फेट्याचा शेमला बांधून फोटो पाठवणं सक्तीचं होतं. पुढे एका जाणत्या सभासदाने हरकत घेतली, की घाटात गाड्यापुढे घोडी पळते, मग इथं का नाही? तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रामच्या पुढे आणखी एक छोटा प्रोग्राम पळवायची पद्धत पडली. तो काही करत नसे, नुसता पुढे पळे. बऱ्याच जणांच्या कंपन्यांत अशी घोडी मॅनेजरच्या हुद्द्यावर असल्यामुळे ही पद्धत कुणाला खटकली नाही.

अक्षदाचा प्रश्न वाचून रामनाथांनी तासाभरात जाहीर केलं, की या रविवारची बारी डिंगोऱ्याच्या पाण्यावर. तिनं त्यांना फोन करून सांगितलं की मला शर्यत नको, मदत हवी आहे. माझा प्रोग्राम कुठे अडतोय एवढं कुणीतरी बघा. रामनाथांनी तिला समजावलं, की मदत मागितली तर इथं दोन माणसं येतात, तीही जुनं उत्तर चिकटवून निघून जातात. शर्यत लावली की दोन्ही तालुके येतात. हे खरंच होतं. अक्षदाने हो म्हटलं.

रविवारी बारी झाली. रामनाथांचं निवेदन घरोघरी फोनवर वाजत होतं. पहिला गाडा लोणीचा. त्यानं उताराचा हिशेब गाळला होता, म्हणून चाळीस सेकंदांत आला. अक्षदाने लिहिलं, की उतार सोडला तर वरच्या शेताला पाणी चढणार नाही. पण तोवर दुसरा गाडा सुटला होता. त्यानं पिकंही गाळली. तिसऱ्याने काल कुणाला मिळालं ते गाळलं. चौथ्याने शेतकऱ्यांची नावं गाळली आणि तो अकरा सेकंदांत आला, तेव्हा कॅनडातल्या सभासदाने तिकडे पहाटेच्या पहाटे फेटा उडवल्याचा फोटो टाकला. जो तो काहीतरी गाळत होता आणि जो तो आधीच्यापेक्षा पुढे जात होता.

शेवटचा गाडा खोडदच्या ऋषीचा. प्रोग्रामचं नाव वारा. निशाण पडायच्या आत तो पोचलेला होता. वेळ शून्य. रामनाथांसारखा निवेदक, ज्याला यात्रेत पाणी पाजून गप्प करावं लागतं, त्यानेसुद्धा माइक खाली ठेवून घड्याळ कानाला लावून पाहिलं.

अक्षदाने वारा उघडून पाहिला. आत एकच ओळ होती. कुणीही, काहीही विचारलं, तर उत्तर द्यायचं: उद्या.

तिनं ऋषीला विचारलं, हे काय आहे? ऋषी सरळ मनाचा मुलगा. तो म्हणाला, "ताई, मी समद्या गाड्यांचा अभ्यास केला. प्रत्येकाचा टाइम कशात जातोय, तर विचार करन्यात. तेवढं काढून टाकलं."

"पण यात पाणी कुठंय?" अक्षदाने सगळ्यांसमोर रामनाथांना विचारलं.

रामनाथ दुखावल्यासारखे झाले. "ताई, तुमी डिंगोऱ्याच्या. तुमाला घाट सांगायचा का आमी? घाटात सेकंद बघत्यात. बैलानं गाड्यात काय भरून आनलं, ते कुनी बघतं का?"

मतदान झालं. मतदान म्हणजे फोनवरचा अंगठा दाबायचा. बघता बघता शेकड्यांनी अंगठे पडले, आणि वारा घाटाचा राजा झाला.

डिंगोऱ्यात ऋषीचा सत्कार झाला. दादाभाऊंनी स्वतःच्या हाताने शाल घातली आणि त्याच दिवशी संस्थेच्या कॉम्प्युटरवर वारा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सभासद रांगेत उभे राहिले. ज्या निर्णयासाठी कालपर्यंत दुपार व्हायची तो आता विचारायच्या आत मिळू लागला. सगळ्यांना सारखाच. ना वरच्याला झुकतं माप, ना खालच्याला. सभासद समाधानाने घरी गेले. कारण पाणी आपल्याला मिळालं नाही यापेक्षा शेजाऱ्यालाही मिळालं नाही, ही गोष्ट मोठी होती.

एकच अडचण राहिली. मोटर चालू आणि सगळे व्हॉल्व्ह बंद, असं झालं तर पाइप फुटतो. म्हणून पंपाजवळचा एक व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवावा, असा तांत्रिक ठराव करण्यात आला. तो व्हॉल्व्ह दादाभाऊंच्या शेताचा होता. पाइपलाइनच जुनी, त्याला कोण काय करणार?

कीर्ती पसरत गेली. एका खात्याचे साहेब गाडी घेऊन कॉम्प्युटर बघायला आले. खात्याचं नाव घ्यायला नको, सगळ्याच खात्यांना आपलं वाटेल. साहेबांनी स्वतः तीन वेळा प्रश्न विचारून पाहिला आणि सद्गदित होऊन म्हणाले, "आमच्याकडे एवढ्याच कामाला चार खिडक्या आणि दोन शिपाई लागतात. शिवाय जेवणाची सुट्टी असते."

अक्षदाने आपला जुना प्रोग्राम जरा हलका करून परत बसवायची परवानगी मागितली. तिला सांगण्यात आलं, की सध्याची प्रणाली पारितोषिकप्राप्त आहे. तिच्यात बदल करायचा तर तो निर्णयही नियमाप्रमाणे कॉम्प्युटरच घेईल. तिनं विचारलं. उत्तर काय आलं ते सांगायला नको.

आठवडा संपत आला. वाफ्यात आता झाडाला होती त्यापेक्षा जास्त फुलं जमिनीवर होती. सोपानराव रोज रांगेत जाऊन येत आणि लेकीशी काही बोलत नसत. तिला ओरडले असते तर बरं, असं तिला वाटे. मग एका सकाळी ते रांगेत गेलेच नाहीत. सरळ शेतावर गेले, आणि चार माणसं बघत असताना व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं. पाणी आलं. सोपानराव वाफ्याच्या तोंडाशी बसून ते बघत राहिले.

दादाभाऊंनी तातडीची सभा बोलावली. नियम स्पष्ट होता. सोपानचं पाणी हंगामभर बंद. अक्षदा बापाच्या मागे उभी होती. तिला वाटलं, फुलंही गेली आणि पाणीही गेलं, तेही आपल्याच पायी. पण दंडाचा निर्णय घ्यायचा अधिकार दादाभाऊंना राहिला नव्हता, सभेनेच काढून घेतला होता. कॉम्प्युटरला विचारण्यात आलं, की सोपान यांचं पाणी केव्हापासून बंद करावं?

उद्या, कॉम्प्युटर म्हणाला. एका क्षणात.

दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा बसली, पुन्हा विचारलं. उद्या. तोवर सोपानराव आजचं पाणी देऊन मोकळे झाले होते. दादाभाऊंनी त्यांना वाटेत अडवून विचारलं, की जनाची नाही तर मनाची तरी आहे का? सोपानराव शांतपणे म्हणाले, "चेरमन, हुकूम आलाय ना? उद्यापास्नं माझं बंद हाये. मग आज भिजवून नको घ्यायला?"

हे ऐकून शेजारच्यानेही चाक फिरवलं. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता निम्मी संस्था गुन्हेगार झाली आणि प्रत्येकाची शिक्षा उद्यावर गेली. चाकावरून थोडी ढकलाढकल होई, पण पाणी शेवटच्या टोकापर्यंत पोचू लागलं. दादाभाऊंनी फार ताणलं नाही. ताणलं असतं तर कुणीतरी त्यांच्या कायम उघड्या व्हॉल्व्हबद्दल विचारलं असतं.

अशात कोडघाटावर रामनाथांची सूचना आली: वारा हा प्रोग्राम दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या संस्थांसाठी प्रमाण म्हणून जाहीर करायचा आहे. कुणाची हरकत असल्यास आज लिहावं. सहमती असल्यास अंगठा.

अक्षदाने लिहायला घेतलं. हा प्रोग्राम काहीच करत नाही. यात एकच ओळ आहे. उघडून बघा, नाही पटलं तर माझं नाव काढून टाका. तिनं सगळं सविस्तर, पुराव्यानिशी लिहिलं. पाठवणार, तेवढ्यात सोपानराव शेतावरून आले. हातात हिरवा, बोराएवढा टोमॅटो होता.

"धरला बघ," ते म्हणाले. "अजून दोन पाळ्या भेटल्या की झालं. काय लिव्हतीस?"

अक्षदाने वाचून दाखवलं. सोपानरावांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी तुझं जुनं मशीन परत येनार?"

"हो, आप्पा."

"अन् ते मग माझ्या शिक्षेचा इचार करनार? लगीच?"

लगेच नाही, दुपारपर्यंत करील, असं ती म्हणाली.

सोपानराव टोमॅटो टेबलावर ठेवून हातपाय धुवायला गेले. अक्षदा स्क्रीनकडे बघत बसली. मग तिनं लिहिलेलं सगळं पुसलं आणि अंगठा दाबला.

तिचा अंगठा शेवटचा होता. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, की एवढे शिकलेसवरलेले लोक आणि एकानेही तो प्रोग्राम उघडून पाहिला नाही? तिथेच तुमची चूक होते. सगळ्यांनी उघडून पाहिला होता. रामनाथांनी तर मतदानाच्या आधीच पाहिला होता. पण त्यांच्या नव्या घराच्या विनापरवाना वाढीव खोलीचं प्रकरण कुठेतरी निकालासाठी पडून होतं. कॅनडावाल्याचं वडिलोपार्जित जमिनीत बहिणीला हिस्सा द्यायचं राहिलं होतं. अंगठा देणाऱ्या प्रत्येकाचं असं काही ना काही होतं, जे आज निकाली निघालं तर अवघड झालं असतं.

तुमचं काय आहे, तेवढं मनातल्या मनात बघून घ्या. आणि मग डिंगोऱ्याला खुशाल हसा.