सातात मोजणारे अण्णा

माझं पार्सल वेळेवर आलं नाही की मी समजते, डिलिव्हरीवाल्याला आधी समोरचे अण्णा भेटले. आमचा फ्लॅट २०५. अण्णा त्याला ठामपणे सांगतात, "२०५ नव्हे, ४१२." मल्लेश्वरममधली आमची इमारत तीन मजल्यांची. तो बिचारा चौथा मजला शोधत गच्चीवर पोचतो.

अण्णा गणिताचे निवृत्त प्राध्यापक. घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीला कन्नडची फोडणी. गेल्या दिवाळीपासून त्यांनी दहात मोजणं सोडलं आणि सात हा पाया धरला. म्हणजे सहानंतर थेट १०, आणि सात सत्ते एकोणपन्नास झाले की १००.

"दहाच का गे? हाताला बोटं दहा म्हणून? बोटांना विचारून गणित करतात काय?"

चारचौघांत बोलायचा मला फार संकोच. मार्चमध्ये मला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, तेव्हा भरलेल्या लिफ्टमध्ये अण्णा म्हणाले, "चौतीस झाली की तुला!" तेव्हाही 'पंचवीस' म्हणायचं मला जमलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू त्या दिवसापासून माझ्यासाठी दुप्पट जोमाने स्थळं बघतायत.

सातात शेवटच्या आकड्यावरून सम-विषम कळत नाही, याचं अण्णांना भारी कौतुक. आमचा ४१२ दोनावर संपतो म्हणून सम वाटतो. "सगळे आकडे मिळव. चार, एक, दोन. सात झाले. म्हणजे विषम. स्वल्प थांबून बघावं लागतं."

गेल्या महिन्यात ते आमच्याकडे आले. रविवारी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. त्यांच्या पत्नी, अक्का, गेलं वर्षभर बहुतेक पलंगावरच असतात. म्हणून घरीच थोडी माणसं बोलवायची होती. केक मी फोनवरून मागवायचा आणि त्यावर १०० लिहायला सांगायचं.

मी मनात हिशेब केला आणि ४९ लिहायला सांगितलं. पाहुणे हसतील, अक्कांना ओशाळं वाटेल, असं वाटलं. शिवाय हिशेब पटकन जमल्याचा जरा तोराही होता.

रविवारी स्वयंपाकघरात खोका उघडला. अण्णांनी केक बघितला आणि दार लोटून घेतलं.

"तिला पन्नासावा थाटात करायचा होता. गेल्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, तेवढी आशा धरू नका. सातात मोजलं तर यंदा शंभर होतात."

"मग वर्षभर सगळंच का सातात मोजलंत?"

"एका दिवसापुरतं मोजलं असतं तर तिला कळलं असतं की गे."

मी सुरी घेतली, ४९ खरवडून काढले आणि त्याच क्रीमने १०० लिहिले. दुसरं शून्य वाकडं आलं.

बाहेर वीसेक माणसं होती. अक्का खुर्चीत बसल्या होत्या. मी केक समोर ठेवला तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, किती वर्षं झाली म्हणून. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"शंभर, अक्का," मी म्हणाले. खालच्या काकूंनाही ऐकू गेलं.

अक्कांनी वाकड्या शून्यावरून नजर फिरवली. "सरी, बरं तर. मग पुढच्या वर्षी एकशे एक करू."

सगळे हसले. सातातलं एकशे एक म्हणजे बरोब्बर पन्नास. अक्कांनी हिशेब करून म्हटलं की नुसताच शुभ आकडा म्हणून, मला कळलं नाही. अण्णा मात्र चष्मा पुसायला खिडकीकडे गेले, आणि केक कापायला बराच उशीर झाला.