भुताच्या बाजूचा माणूस

टॉकीजमध्ये पडद्यावर भूत आलं की माणसं किंचाळतात, डोळ्यांवर ओढणी घेतात, शेजाऱ्याचा हात घट्ट धरतात आणि तो भलत्याचाच निघाला म्हणून पुन्हा किंचाळतात. आमचे गुलाबराव इंगोले यातलं काही करत नाहीत. ते खुर्चीत सरसावून बसतात आणि घरी पाहुणी आल्यासारखं खणखणीत आवाजात म्हणतात, "या बाई, या! लय वाट पाहाले लावली."

हा आवाज साधा नाही. गुलाबरावांनी आयुष्यभर अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर माईक तिथेच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. आमच्या दोन घरांच्या मधे एकच भिंत आहे. पलीकडे त्यांनी 'चहात साखर कमी हाय' म्हटलं की अलीकडे माझी बायको साखरेचा डबा उघडून बघते. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात, आणि शेजारी राहतो म्हणून भूतपटांना नेतात. मला भुतांची भीती वाटते. तसं मी त्यांना सांगूनही पाहिलं. "भूत काय करते, मास्तर? जित्या मानसाईले भ्या," असं म्हणून त्यांनी माझंही तिकीट काढलं.

जग पिक्चरला तारे देतं, गुलाबराव गावं देतात. अमरावतीहून अकोल्याला निघालेली गाडी हे त्यांचं माप. पिक्चर पुरता जमला तर 'अकोल्याले पोचला.' अर्धामुर्धा जमला तर 'मूर्तिजापूरपर्यंत गेला.' पहिल्याच गाण्यात जांभई आली तर 'बडनेऱ्यालेच पंक्चर.' आणि गोष्ट भलतीकडेच गेली तर, 'काय सांगू बावा, अकोल्याची पाटी लावून भातकुलीले नेलं लेकाईनं!' मध्यंतराआधी भूत आलं नाही की ते घड्याळ बघत पुटपुटतात, "गाडी अजून फलाटावर लागली नाही." त्यांचं पुटपुटणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं.

त्यांचा सगळ्यात जीव जडला तो 'कुसुम की चीख' या हिंदी मालिकेवर. कुसुम म्हणजे हवेलीत मारली गेलेली सून. पहिल्या भागात तिने सासऱ्यावर सूड उगवला. खरं तर तिथेच तिचं काम संपलं होतं, पण पिक्चर चालला, म्हणून दुसऱ्या भागात एक दीर निघाला. तिसऱ्यात त्या दिराचा मुनीम निघाला. चौथ्यात हवेली विकली गेली, तर बाई विकत घेणाऱ्यांच्या मागे लागली. पाचव्यात हवेली पाडून फ्लॅट बांधले, तर ती लिफ्टमधून आली. मी म्हटलं, "गुलाबराव, हे जरा अतीच होतंय."

"काहून? जिना चढून येईन का या वयात?"

सुमनवहिनी होत्या तोवर या माणसाने टॉकीजचं तोंड पाहिलं नव्हतं. पिक्चरचं वेड होतं ते वहिनींना. त्या माझ्या बायकोबरोबर जायच्या, कारण गुलाबरावांची ड्यूटी असायची, आणि ड्यूटी नसली तरी दुसऱ्या कोणाची तरी ड्यूटी ते करत असायचे. दोन वर्षांपूर्वी वहिनी अचानक गेल्या. बायको गेल्यावर माणूस देवळात जाऊ लागतो, हे टॉकीजमध्ये जाऊ लागले, तेही फक्त भुतांच्या पिक्चरला. कुसुमचे जुने भाग त्यांनी मोबाईलवर पाहिले, आणि भिंतीमुळे आम्हीही ऐकले. कॉलनीत बोलणं झालंच. "वय झालं की असं होतं," असं वानखडे म्हणाले. वानखडे त्यांच्याहून मोठे आहेत.

हे वानखडे आमच्या कॉलनीचे समीक्षक. ते पिक्चर पाहत नाहीत, त्यामुळे त्यांचं मत अगदी निर्मळ असतं. सहाव्या भागाचं पोस्टर लागलं त्याच दिवशी त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'बंडल. पहिल्याची सर नाही.' पहिला आला तेव्हा 'समाज कुठे चालला आहे' असं विचारणारे हेच. त्याखाली, ज्यांनी पिक्चर पाहिला नव्हता त्या सगळ्यांचे अंगठे उठले. कोणी लिहिलं, पूर्वी भूत घाबरवायचं, आता नुसतं म्युझिक घाबरवतं. एकीने विचारलं, कुसुम बारीक झालीय, डाएट कोणतं? मधेच एकाने कोणाच्या तरी निधनाची बातमी टाकली, तर तिच्याखाली 'कधीपासून वाट पाहत होतो' असं उत्तर चुकून गेलं.

या गदारोळात गुलाबरावांनी कसलंच मत दिलं नाही. पोस्टरवर 'आखरी चीख' असं लिहिलं होतं. ते वाचल्यापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. सकाळी भिंतीपलीकडून त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, आखरी म्हंजे काय? परत येनारच नाही काय थे?"

"मुक्ती मिळत असेल तिला, गुलाबराव."

"कोनं मांगितली? थ्या बाईनं मांगितली काय?"

मला हसू आलं. एका पिक्चरच्या भुतासाठी हा माणूस रात्रीचा जेवलाही नव्हता, हे मला त्यांच्या मोलकरणीकडून नंतर कळलं.

त्यांचं आणखी एक खूळ सांगायचं राहिलं. त्यांना कावळे खपत नाहीत. गच्चीवर एक स्टीलची थाळी आणि उलथनं कायम ठेवलेलं असतं. कावळा दिसला की थाळी वाजते. वानखड्यांनी पितृपक्षात भिंतीवर पान ठेवलं तेव्हा गुलाबराव थाळी बडवत सुटले, आणि आपले वडील त्या वर्षी उपाशी राहिले असं वानखडे अजून सांगतात. मला वाटायचं, कावळे वाळवणाला तोंड लावतात म्हणून हा राग असेल. त्या घरात वाळवण घालणारं कोणी उरलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सहावा भाग अकोल्याला जाऊन पाहायचं ठरलं. अमरावतीच्या टॉकीजवाल्याने पाचव्या भागाच्या वेळी हात जोडले होते. लिफ्टचं दार हळूहळू उघडत होतं, सगळ्यांचा श्वास रोखलेला, आणि गुलाबराव सवयीने ओरडले, "मांगं सरका! उतरनाऱ्याईले पयले उतरू द्या!" अख्खं टॉकीज हसलं. कुसुम आली ती कोणी पाहिलीच नाही. अकोल्यात त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. पिक्चर सुरू झाल्यावर लवकरच सगळे ओळखू लागले.

मध्यंतरापर्यंत गाडी झकास चालली. कुसुम वेळेवर आली, गुलाबरावांनी तिला 'या बाई' केलं, मागच्या रांगेतल्या पोरांनीही मग त्यांच्या सुरात सूर मिसळला. शेवटी एक मांत्रिक आला. त्याने रिंगण आखलं, मधे कुसुमला उभं केलं आणि तिची शेवटची इच्छा विचारली. गुलाबराव खुर्चीतून अर्धे उठले. "सांगा बाई! मोठ्यानं सांगा!" कुसुम हसली आणि म्हणाली, "अब मुझे कुछ नहीं चाहिए." मग पांढरा उजेड झाला आणि ती गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. गुलाबराव मात्र रांगेतून बाहेर पडले.

मी लगेच मागे जाणार होतो, पण माझी एक चप्पल पुढच्या खुर्चीखाली गेली होती. ती चाचपडेस्तोवर पडद्यावर नावं सरकून संपली, अंधार झाला, आणि त्या अंधारात बांगड्या वाजल्या. एका दाराची कडी हलली. "अबे, परत?" कोणीतरी ओरडलं. "पैसे काढाचे धंदे हायेत!" असं दुसरा म्हणाला, आणि मलाही ते पटलं. एवढी मुक्ती देऊन झाल्यावर सातव्या भागाची सोय करून ठेवायची, याला काय म्हणावं?

गुलाबराव एस.टी. स्टँडवर सापडले. अमरावतीच्या गाडीत चढून ते खिडकीशी बसले होते. हा माणूस गाडीत गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा मी त्यांना बळेच खाली उतरवलं. दोन चहा आणि भज्यांची पुडी घेऊन आम्ही कठड्याशी उभे राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग? कुठवर गेला पिक्चर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मास्तर, सुमनच्या दहाव्याले तुमी होते नं?"

"होतो."

"पिंड ठेवला, अन् मी मांगं सरकलोबी नाही, तं कावळा टपकन् येऊन बसला. आठवते?"

मला आठवत होतं. घाटावरचे सगळे म्हणाले होते, पुण्यवान बाई, कशातच जीव अडकला नाही. मीही म्हणालो होतो. तसंच म्हणायची रीत आहे.

"लोकाईचा कावळा लवकर येत नाही," गुलाबराव म्हणाले. "मंग घरचे हात जोडतात, कबूल करतात. पोरीचं लगन लावून देतो, धाकल्याले सांभाळतो. मंग येते थो. मी बी सारं मनात जमवून नेलं होतं. म्हननार होतो, सुमन, तुले पिक्चरले नेतो. तुह्या बाजूले बसतो, पुरा पाहातो, मंधात उठत नाही. चुलीत गेली ड्यूटी. पन तिनं मले तोंडबी उघडू देल्लं नाही. गेली." त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. "काहीच नोतं पाहिजे काय तिले माह्याकडून? माह्यात थोडकसाबी जीव नसन अडकला काय, मास्तर?"

इतकी वर्षं मधे एक भिंत होती, मीठ-साखरेचं बोलणं सगळं ऐकू येत होतं, आणि हे एवढं मोठं काही ऐकू आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. जे पाहिलं होतं तेच मी सांगितलं.

"गुलाबराव, तुम्ही लवकर उठलात. नावं संपल्यावर बांगड्या वाजल्या."

"कोनाच्या?"

"कुसुमच्या. दाराची कडीही हलली."

"खरं सांगून राहिले, का माह्या मनासाठी?"

"खरंच. लोकांनी शिव्या घातल्या."

मग गळ्यातल्या दुपट्ट्याने त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मंग मुक्ती देल्ली कोनाले? कहानीत झोल हाय हा. मांत्रिक कच्चा होता, मी मनातच म्हनलं." एवढं म्हणून त्यांनी पुडीतलं पहिलं भजं उचललं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कॉलनीच्या ग्रुपवर वानखडे होते. 'सातवा भागही येणार म्हणे. मेलेल्या बाईला किती वेळा परत आणणार? जरा लाज वाटू द्या.' अंगठे उठायला सुरुवात झाली होती. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"येते तं येऊ द्या नं!" गुलाबराव कडाडले. "तुमचं काय खाते?"

सगळं स्टँड वळून पाहू लागलं. पिशव्या घेऊन बसलेली एक म्हातारी घाईने उठली. "कोनती येऊन राहिली, भाऊ?"

"सात नंबर," गुलाबराव म्हणाले. "टाइम हाय तिले. बसा तुमी."

म्हातारी समाधानाने पुन्हा बसली. कठड्याच्या टोकाला एक कावळा येऊन बसला होता आणि मान तिरपी करून आमच्या पुडीकडे पाहत होता. मला वाटलं, आता हे थाळी शोधणार. पण त्यांनी हातातल्या भज्याचा तुकडा मोडला, जरा वाकून कठड्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

"खाय लेका," ते म्हणाले, इतक्या हळू की शेजारी उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू आलं. "पन घाई नको करू."