अच्युतरावांचं द्रावण

अच्युतराव पोंक्षे चैत्रातल्या एका मंगळवारी दुपारी लिंबाच्या सरबतात विरघळले. आधी तळाशी थोडेसे उरले होते, पण पत्नी मालिनीबाईंनी सवयीने चमचा फिरवला आणि तेवढेही दिसेनासे झाले. ढवळायला नको होतं, हे बाईंच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

त्यांनी सरबत बरणीत ओतलं, मुंग्या लागू नयेत म्हणून तोंडाला फडकं बांधलं आणि रिक्षा करून तहसील कचेरी गाठली. पाणी आटवलं की विरघळलेलं मागे उरतं, एवढं शाळेत त्याही शिकल्या होत्या. घरीच आटवलं असतं. पण जिवंत माणूस गॅसवर ठेवायचा तर परवानगी लागते.

"बरणीत ते आहेतच कशावरून, काकू?" कारकून कुरणे यांनी विचारलं. "दिसत तर नाहीत."

"विरघळलेलं दिसतं का कुठं?"

कुरणे यांना हे पटलं. भला माणूस होता. नियमाप्रमाणे त्यांनी एक चमचा वरून, एक मधून आणि एक तळातून चाखला आणि अहवाल लिहिला: 'सदर इसम वर, मध्ये व तळाशी सारखाच आढळला. गाळून निघणार नाही. आटवण्यास हरकत नसावी.'

पण सही होण्याआधीच साहेबांची बदली झाली. नवे साहेब जुन्या अहवालावर सही करणारे नव्हते. त्यांनी रीतसर पंचनामा मागवला. पाच पंच आले, पाच चमचे गेले. एका पंचाने खात्रीसाठी आणखी एक घेतला आणि "गृहस्थ सज्जन दिसतात," म्हणाला.

घरी बाईंनी बरणीला पातळीच्या खुणेसाठी दोरा बांधला होता. दर फेरीला तो खाली सरकवावा लागे. रात्रंदिवस बरणी उशाशी असे. बाहेर जाताना त्या दाराशी क्षणभर थांबत, कारण "किल्ली घेतलीस ना?" असं अच्युतराव बत्तीस वर्षं न चुकता विचारत आले होते. बरणी काही विचारत नसे.

वैशाख तापला. सरबत आंबेल या धास्तीने बाईंनी त्यात बर्फ टाकला. बर्फ वितळला, दोरा वर चढला आणि बाईंना दोन दिवस बरं वाटलं. मग पुढची तपासणी आली.

"पातळ झालेत," कुरणे खिन्नपणे म्हणाले. "पाणी वाढलं, काकू, माणूस तेवढाच. पूर्वी चमच्यात कळायचे, आता अर्धी वाटी लागेल."

"वाटीनं घेतलं तर उरेल काय?"

"पण न चाखता 'आहेत' असं कसं लिहू?"

बाईंनी अर्धी वाटी भरून दिली. मग वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अर्धी वाटी घेतली. मग हरकती मागवल्या, तेव्हा हरकत घ्यायला आलेल्या दोघांनीही तेवढीच घेतली. सगळे हळहळत, मान हलवत, ओठ पुसत निघून जात.

"काकू, घोटभर तुम्हीच का घेत नाही?" कुरणे यांनी एकदा विचारलं.

"आटवल्यावर घरी येणारेत ते. त्यातलं मी कमी करू?"

ज्येष्ठ लागता लागता शेवटची पडताळणी निघाली. बरणीत जेमतेम अर्धी वाटी होती. बाईंनी बरणी पदराखाली धरली.

"आज नको. आहेत ते आत. शपथेवर सांगते."

"शपथ चालत नाही, काकू. आज नोंद झाली नाही तर हयातांच्या यादीतून नाव कायमचं कमी होईल. झाली तर लगेच परवानगी."

बाईंनी स्वतःच्या हाताने बरणी वाटीत उपडी केली. शेवटचा थेंब काठावर लोंबला, तोही बोटाने आत ढकलला.

कुरणे यांनी डोळे मिटून वाटी रिकामी केली.

"आहेत," ते म्हणाले. "अगदी स्पष्ट आहेत."

त्यांनी परवानगीवर शिक्का मारला: इसम हयात, आटवण्यास मुभा, मुदत आठ दिवस. बाईंनी कागदाची घडी केली, ती कोरड्या बरणीत ठेवली आणि फडकं पुन्हा बांधलं. त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा कुरणे यांनी रजिस्टरमधून मान वर न काढता विचारलं, "किल्ली घेतलीस ना?"

मालिनीबाईंनी कमरेला हात लावून पाहिला.

"घेतली," त्या म्हणाल्या. आणि अच्युतराव चपला घालून येईपर्यंत नेहमीसारख्या दाराशी उभ्या राहिल्या.

"पुढचं कोण?" कुरणे यांनी हाक दिली.