लतीफचाचांचे स्वतंत्र देश

जूनचा शेवटचा आठवडा आला की आमच्या मजल्यावर सगळ्यांची शुगर वाढते. याला जबाबदार आफ्रिका खंड.

मोझांबिक, मादागास्कर, जिबुती, सेशेल्स आणि वर सोमालिया. हे देश स्वतंत्र झाले वेगवेगळ्या साली, पण सगळ्यांनी मुहूर्त काढला तो याच सुमाराचा. आणि समोरच्या फ्लॅटमधले लतीफचाचा जहाजावर असताना नेमके या सगळ्या देशांच्या बंदरांना जाऊन आलेले. त्यामुळे त्या आठवड्यात रोज सकाळी आमची बेल वाजते आणि दारात चाचा उभे असतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात गरम, गोड सांदणांचं ताट घेऊन.

"घ्या ताई. आज मादागास्कर सुटला!"

मी ऑफिसच्या घाईत, एका पायात चप्पल. पण नुसतं 'थँक्यू' म्हणून सुटका नाही. "मला कशाला थँक्यू? दिवस त्यांचा हाय." मग मी मादागास्करचं अभिनंदन करते आणि ताट आत ठेवते. माझ्या नवऱ्याने एकदा "हे मादागास्कर नक्की कुठे आलं हो?" असं विचारलं होतं. त्या दिवशी त्याचा हाफ डे लागला.

चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे. बोटीवर खलाशी म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून उतरले. बायको गेल्यावर मुलगी नसरीनला घेऊन करंजाड्यात राहायला आले. इथे कुणी त्यांना प्रेमाने 'कॅप्टन' म्हटलं की भडकतात. पण त्याहून भडकतात ते कुणी कुणावर साहेबगिरी केली की. सोसायटीने मध्यंतरी फतवा काढला होता, कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. चाचा मीटिंगमध्ये उभे राहिले. "त्या मोठ्या मानसा हायत. तुमची पोरं नाय, तुमचा माल नाय." नंतर गुडघे धरून रोज जिना चढायला लागले. दर मजल्यावर थांबून मोठ्याने कण्हायचे. चेअरमनबाईंना ते कण्हणं ऐकवेना. फतवा मागे घेतला गेला.

एवढं वेड कुठून लागलं, असं विचारलं की जिबुतीची गोष्ट निघते. परक्या बंदरात शिरताना जहाजाने त्या देशाचं निशाण लावायचं, हा दर्याचा शिष्टाचार. यांचं जहाज जिबुतीकडे निघालं तेव्हा पेटीत निशाण होतं फ्रान्सचं. वाटेतच रेडिओवर बातमी आली की जिबुती आता फ्रेंचांची राहिली नाही. नवं निशाण भर समुद्रात आणायचं कुठून? बोटीवर शिवणाचा हात चाचांचा चांगला. त्यांनी मेसचा हिरवा पडदा कापला, कुणाची निळी लुंगी मागून घेतली, चादरीचा पांढरा त्रिकोण केला आणि त्यावर लाल चांदणी लावली. रेडिओवर ऐकलेल्या वर्णनावरून रात्रभर शिवलेलं ते निशाण दुसऱ्या दिवशी डौलात फडकलं. बंदराचा तरुण अधिकारी वर चढला, निशाणाकडे बघतच राहिला. निळा पट्टा वर हवा होता, चाचांनी हिरवा वर लावला होता.

"मला वाटला, आता बोटीला दंड," चाचा सांगतात. "तर तो पोऱ्या हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मला मिठी मारून काय काय बोलला. मला एक अक्षर कळला नाय ताई, पन सगळा समजला."

हे सांगताना चाचा दर वेळी डोळे पुसतात, आणि खरं सांगायचं तर मीही. दहादा ऐकली असेल ही गोष्ट, तरी.

आता जरा घरातली गोष्ट सांगते. ती सांदणं करायचं कोण? नसरीन. महापेला कंपनीत अकाउंट्स बघणारी, तिशी ओलांडलेली मुलगी पहाटे उठून तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध घेऊन बसायची, कारण सेशेल्स सुटलेलं असायचं. तिच्या खोलीत चाचा न ठोठावता शिरायचे. तिचं कुरिअर फोडायचे. मैत्रिणीचा फोन आला तर आधी स्वतः चौकशी करायचे. भर सेशेल्सच्या सकाळी तिने मला जिन्यात गाठून सांगितलं, "ताई, ऐरोलीला वन आरके बघितलाय. डिपॉझिट भरलं. मी जाणारच आहे, पण अब्बांनी हो म्हणावं. भांडून नाही जायचं मला. त्यांचंच टेन्शन आहे."

अब्बा हो म्हणेनात. घरात बोलणं बंद झालं. बापलेक एकाच टेबलावर जेवायचे आणि मीठ मागायलासुद्धा तोंड उघडायचे नाहीत. शेवटी नसरीनने मला मध्ये घातलं. मी गेले. चाचांनी मला चहा दिला आणि मुद्दे मांडले.

"माझा विरोध नाय ताई. पन ती अजून तयार नाय. तिला गॅस बंद करायची आठवन राहत नाय. बाहेरचे लोक फसवतील. सगळा आमीच बघत आलो ना आजपर्यंत? थोडा थांबू दे. हळूहळू देऊ."

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझ्या सासरी सर्वमान्य आहे. मी म्हटलं, "चाचा, जिबुतीला फ्रेंच साहेब अजून काय वेगळं सांगत होता?"

चाचांनी कप खाली ठेवला. उठले, दार उघडलं आणि मी बाहेर जायची वाट बघत उभे राहिले. पुढे दोन दिवस त्यांनी मला ओळख दाखवली नाही. शेजार तुटला, असं धरून चालले होते मी. मनातून वाईट वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं दार सताड उघडं. चाचा जमिनीवर बसून नसरीनची खोकी बांधत होते. न बघताच म्हणाले, "ऐरोलीला टेम्पो कितीला पडेल, तुमच्या मिस्टरांना विचारा." प्रत्येक खोक्याला त्यांनी अशी खलाशी गाठ मारली होती की ती सुटायला तेच लागले असते. माझा अंदाज, मुद्दामच मारली असणार. रात्री नसरीनचा मेसेज आला, गाठी कात्रीने कापल्या.

त्यानंतर चाचांचा एकट्याचा कारभार सुरू झाला. वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं, गॅसचं बुकिंग कसं करायचं, गोळ्या सकाळच्या कुठल्या आणि रात्रीच्या कुठल्या, काही म्हणता काही ठाऊक नाही. एकदा साबणाच्या फेसात उभे राहून म्हणाले, "ताई, मला वाटायचा मी तिला सांभाळतो."

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आमच्याकडे आले. फोन हातातच होता. "नसरीनला बोलवायचा हाय. 'रविवारी ये' असा सांगू, की 'येशील का' असा विचारू?"

"विचारा," मी म्हटलं.

त्यांनी स्पीकर लावला. "नसरीन, रविवारी मोकळी हायस का? येशील का घरी?"

पलीकडून उत्तर आलं, "अब्बा, या रविवारी नाही जमणार. मैत्रिणी येतायत माझ्याकडे. पुढच्या रविवारी येते. चालेल?"

"चालेल, चालेल," चाचा म्हणाले आणि फोन बंद झाला. मी स्वतःलाच शिव्या घातल्या, कशाला विचारायला लावलं म्हातारबाबांना. पण चाचा हसत होते. डोळे भरलेले आणि हसत होते.

"नाय म्हनाली, बघितलात? इतकी वर्सा 'हो अब्बा, हो अब्बा'. मला कधी कळलाच नाय त्यातला खरा हो कुठला. आता पुढच्या रविवारी येईल ना, ती तिला यायचा हाय म्हनून येईल."

मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "या रविवारी तुमी घरीच हाय ना, ताई?"

आम्हाला त्या दिवशी नणंदेकडे पनवेलला जायचं होतं. मी म्हटलं, "घरीच आहोत. जेवायलाच या."