इंजिनाची चाचणी फेरी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : यंत्राने मला आजवर कधी हरवलेलं नाही! तीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करतोय. नुसता खडखडाट ऐकून सांगतो, कुठला दात झिजलाय आणि चालवणारीचं घरात कोणाशी बिनसलंय. तेव्हा वडिलांच्या होडीचं जुनं इंजिन सुरू करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

डावा हात सध्या बँडेजमध्ये आहे.

खरं तर इंजिन हा नुसता बहाणा. कारण होतं बायको! ती तलावापलीकडे मुलीकडे गेली होती, बाळंतपणासाठी. दीड महिन्याचं सांगून गेली, सात महिने झाले. बाळाला दात आले, पण बायको काही येईना.

दर गुरुवारी तिचा फोन येई.

"बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीये? मजेत आहे!"

मग आम्ही गळक्या नळाबद्दल बोलायचो, मांजराबद्दल बोलायचो. फोन ठेवला की घर एवढं मोठं व्हायचं, की या खोलीतून त्या खोलीत जायला शिदोरी बांधून घ्यावी! रोज सकाळी मी चहाचे दोन कप काढायचो आणि एक परत ठेवायचो. तिच्या मशीनवर अर्धा शिवलेला पडदा तसाच होता, सुई कापडात रुतलेली. 'सुई अशी ठेवू नका हो, गंजते,' असं गिऱ्हाइकांना ओरडून सांगणारा मी. पण ती सुई काही माझ्याने उचलवली नाही.

'घरी ये.' दोनच शब्द! पण मुलीला तिची गरज, नातवाला तिची गरज. त्यात मी घोडा कुठे हट्ट धरणार? बसने गेलो असतो, तर सगळ्यांना कळलं असतं, हा बायकोला न्यायला आलाय. म्हणून मी योजना आखली. इंजिन लावून होडीने जायचं, धक्क्याला लागायचं, आणि अगदी सहज म्हणायचं, "इंजिनाची चाचणी घेत होतो. इकडे आलोच आहे, तर म्हटलं डोकावावं." पुढचं तिचं तिला कळलं असतं.

आता हे इंजिन कसं, ते ऐका. होडीला इंजिन बाहेरून टांगायची टूम नवी नवी निघाली, तेव्हाचं ते. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळायचं. वर जातं असावं तसं लोखंडी चाक, त्याला लाकडी मूठ. खाली पाण्यात लांब दांडा, टोकाला पंखा. मूठ धरून चाक जोरात फिरवायचं, की ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं आणि इंजिन सुरू. इथपर्यंत शिलाई मशीनच! फरक एवढाच, की इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये काहीही नाही. इंजिन सुरू म्हणजे होडी सुटली. गंमत म्हणून नुसतं चालू ठेवायची सोयच नाही! आणि मागे जायचं असेल, तर अख्खं इंजिन गर्रकन उलटं फिरवायचं.

ज्याची होडी मागून घेतली होती, त्या होडीवाल्याने विचारलं, "वल्ही ठेवू ना?"

"कशाला? तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो," तो इंजिनाकडे बघत म्हणाला.

वल्ही मी काठावरच ठेवली. टाकी काठोकाठ भरली. मूठ फिरवली, दहादा फिरवली, आईबाप आठवले. अकराव्यांदा इंजिन असं भडकलं, की मूठ उलटी येऊन माझ्या बोटांवर बसली आणि होडी तोफगोळ्यासारखी सुटली! मी फळीवर उताणा. काठावरून होडीवाला हात हलवत होता. निरोप देत होता की थांबा म्हणत होता, ते अजून विचारलेलं नाही.

पण काय सांगू! बोटं ठणकत होती, तरी छाती फुगली. पलीकडचा काठ जवळ येत होता. मुलीचं घर दिसलं, दोरीवर वाळणारी लंगोटांची रांग दिसली. आणि धक्क्यावर, बाळाला कडेवर घेऊन, ती! सात महिन्यांनी!

मी रुबाबात पेट्रोल बंद करायला तोटी फिरवली. तोटी हातात आली. आणि हातातून पाण्यात गेली.

समोर दगडी धक्का. इंजिन ढणाणा! शेवटच्या क्षणी मी इंजिनाची दिशा बदलायची दांडी वळवली आणि होडी धक्क्याला वळसा घालून निघून गेली.

"अहो! कुठे चाललात?" बायको ओरडली.

"चाचणी!" मी ओरडलो. "सहज!" तोवर मी लांब पोचलो होतो.

दुसरी फेरी. धक्क्यावर आता मुलगीही आली होती.

"बाबा, थांबा की!"

"थांबतच नाहीये!"

"कोण?"

उत्तर द्यायला मला अख्खा वळसा घालून यावं लागलं. "इंजिन!"

ठिणगीची तार उपटावी म्हणून तिला हात लावला, तर असा झटका बसला की डोळ्यांपुढे सगळ्या गिऱ्हाइकांचे चेहरे तरळून गेले. मग वडिलांची युक्ती आठवली. इंजिन उलटं फिरवलं. होडी खरंच मागे जायला लागली, पण मागून सगळा तलाव आत यायला लागला! पुन्हा सुलटं केलं. आता मी ओला चिंब, आणि धक्क्यावर पंचवीस माणसं.

सहाव्या फेरीला बायको म्हणाली, "वाळलात किती!"

सातव्या फेरीला मी म्हणालो, "तूही!"

आठवीला ती म्हणाली, "जेवता का वेळेवर?" बाळ माझ्याकडे बोट दाखवून हसत होतं. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. ते कधी झाले? मी नव्हतो तेव्हा. दर फेरीला ती पाच हातांवर यायची आणि परत लांब जायची, आणि मला वाटलं, पुरे झालं आता हे!

एवढ्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार आहे? मी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि सगळा जीव एकवटून ओरडलो,

"अगं, घरी ये! तुझ्यावाचून करमत नाही मला!"

'अगं' म्हटलं आणि पेट्रोल संपलं.

पुढचं सगळं चिडीचूप शांततेत पार पडलं. तलावाच्या चारी काठांवर ऐकू गेलं म्हणतात. समोरच्या टेकडीने तर ते एकदा परत म्हणून दाखवलं. मी होडीत उभा, वल्ह्यांशिवाय, हळूहळू उलट दिशेला वाहत चाललेला.

"बाबा!" मुलगी म्हणाली. "आईची पिशवी महिना झाला भरलेली आहे! रोज सगळे कपडे काढते आणि परत घडी घालून ठेवते. म्हणते, तिकडे मजेत आहेत, मी कशाला जाऊ!"

बायकोने बाळाच्या डोक्याआड तोंड लपवलं. "आधी काठाला तर लागा," ती म्हणाली. आवाज जरा ओलाच होता.

जावईबापूंनी दोर टाकून मला ओढून घेतलं. होडी ते रविवारी पोचवणार होते. इंजिन मात्र मी सोडलं नाही, वडिलांचं आहे. आम्ही संध्याकाळच्या बसने निघालो. बस गच्च भरलेली. दोनच जागा होत्या, शेजारी शेजारी. एकीवर बायको बसली. आता इंजिनाला काही उभं राहता येत नाही, आणि खाली ठेवलं तर कंडक्टर तेलाच्या डागांवरून ओरडत होता. त्यामुळे सात महिन्यांनी माझ्या बायकोच्या शेजारी, तिच्या शालीवर, ते बसलं.

आणि मी दोन तास एका हाताने बसच्या छताच्या दांड्याला लटकून उभा होतो. पण खरं सांगू? कुणाला बोलू नका. तिथून ती जास्त चांगली दिसत होती.