गच्ची ते गच्ची

संचालकांची योजना अगदी पक्की होती. तार नको, खड्डा नको, रस्ता फोडायची परवानगी नको! टेकडीवरच्या टॉवरवरून इंटरनेट हवेतूनच उचलायचं, मधल्या एका उंच गच्चीवरून पुढे उडवायचं आणि खालच्या गल्लीत घरोघर वाटायचं. मोठ्या कंपन्या जिथे खोदायला कंटाळतात तिथे आपण आधी शिरायचं. एक गल्ली खूश केली की शेजारची गल्ली आपणहून दार ठोठावते! या धोरणाचा रंगीत तक्ता संचालकांनी फ्रिजच्या दारावर चिकटवला होता.

संचालक म्हणजे कोणी बडी असामी नव्हे. कंपनीत ते एकटेच. नोकरी सोडली त्याच आठवड्यात त्यांनी कार्डं छापून आणली, त्यावर 'संचालक' असं ठळक होतं, आणि तेव्हापासून बायकोही त्याच नावाने हाक मारू लागली. "संचालक, दूध उतू जातंय!"

तक्ता बघून तिने एकच प्रश्न विचारला. "ही मधली उंच गच्ची म्हणजे दादांची ना?"

संचालकांनी उगाच फ्रिज उघडून आत पाहिलं.

गच्ची दादाचीच होती, आणि दादाशी बोलणं बंद होतं! नोकरी सोडली तेव्हा हाच थोरला भाऊ म्हणाला होता, "तुझ्याच्याने नाही व्हायचं. तू एका जागी टिकतोस कुठे?" त्यावर संचालक तडकले, "तुझ्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही" असं सुनावून बाहेर पडले आणि खरंच चढले नाहीत. दादाला एकदा करून दाखवायचं, एवढ्यासाठी तर ही सगळी कंपनी होती. आता करून दाखवायला दादाचीच गच्ची लागत होती!

दोघी जावांनी फोनवर चहा गाळता गाळता प्रश्न सोडवला. दादाने गच्ची दिली. फिटरने तिथे खांब उभा करून एक डिश टेकडीकडे पक्की केली. दुसरी डिश खालच्या गल्लीतल्या संचालकांच्या घराकडे वळवून आवळायची तेवढी राहिली, आणि नेमका फिटर दाढदुखीने आडवा झाला.

त्याच दिवशी दुपारी बाई पाहणीला यायच्या होत्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, खालच्या गल्लीच्या समितीच्या अध्यक्षा. त्या हो म्हणाल्या की गल्ली हो म्हणते. त्यांची अट साधी होती. लांब राहणाऱ्या मुलीचा चेहरा न अडकता दिसला पाहिजे, बाकी तक्ते-बिक्ते तुमच्याकडेच ठेवा.

"हे म्हणतायत, पाना द्या, मी फिरवतो डिश," वहिनींचा फोन आला. हे म्हणजे दादा. संचालकांनी मान उडवली, पण दुसरा इलाजच नव्हता.

उद्घाटनाचा म्हणून बायकोने घेतलेला लालभडक शर्ट चढवून संचालक गच्चीवर गेले. ओळीतल्या साऱ्या घरांची मिळून एकच लांबलचक गच्ची. एका टोकाला संचालकांची डिश, मध्ये सावलीत बाईंची खुर्ची, बाईंच्या हातात छत्री आणि समोर लॅपटॉप. दोन गल्ल्यांपलीकडे दादाच्या गच्चीवर दादा ठिपक्याएवढा दिसत होता.

भाऊ एकमेकांशी बोलणार नाहीत, म्हणून निरोप बायकांच्या फोनवरून चालले.

"त्याला सांग, जरा डोळे उघडे ठेवून फिरव म्हणावं!" संचालक गुरकावले.

"जाऊबाई," बायको फोनमध्ये म्हणाली, "हे म्हणतायत, दादा किती छान फिरवतायत, अजून थोडंसंच."

पलीकडून दादाचं काहीतरी खेकसणं ऐकू आलं. मग वहिनींचा गोड आवाज. "हे म्हणतायत, भाऊजींनी दमू नये, होईल."

आणि झालंही! संचालक आपल्या डिशजवळ उभे होते, तेवढ्यात लॅपटॉपवर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. संचालक आनंदाने लॅपटॉपकडे धावले. रेघा गेल्या! पुन्हा डिशपाशी आले. रेघा आल्या! बाईंना धोरण समजावत ते गच्चीभर येरझाऱ्या घालू लागले, तशा रेघा उठाबशा काढू लागल्या.

"कबुतरं असतील," संचालक म्हणाले. मग म्हणाले, पाण्याची टाकी आडवी येते. मग उन्हाने हवा हलते. शेवटी तर केबल कंपनीचा हात आहे, अशी त्यांची खात्रीच पटली! कपाळावरून घाम ओघळत होता. पलीकडून दादा बघतोय, आपली फजिती बघतोय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते आणखी जोरात फिरत होते.

"ए!" बाई कडाडल्या. "तिथे डिशपाशी उभा राहा. हाताची घडी! हलायचं नाही!"

संचालकांनी मुकाट्याने हाताची घडी घातली. रेघा भरल्या, आणि भरलेल्याच राहिल्या.

"यांच्या अंगातच काहीतरी आहे," बाई म्हणाल्या.

बायकोने फोन स्पीकरवर टाकला. "जाऊबाई, गंमत बघा. हे हलले की सिग्नल जातो!"

"जाणारच!" वहिनींच्या तोंडून निसटलं. "यांना तुमची पांढरी डिश दिसतेय कुठे! मोतीबिंदू पिकलाय, कोणाला सांगू देत नाहीत. भाऊजींचा लाल शर्ट तेवढा दिसतो. तो जिकडे जाईल तिकडे हे डिश वळवतायत!"

मग फोनमधून दादाचा आवाज आला, कित्येक दिवसांनी थेट.

"अरे, तू एका जागी टिकशील तर ना!"

संचालकांना हसू आलं, आणि लगेच मघाचं आपलंच वाक्य आठवलं. डोळे उघडे ठेवून फिरव म्हणावं, असं आपण म्हणालो होतो! देवा, बरं झालं ते पोचलं नाही.

"दादा," ते म्हणाले, "उभा आहे मी. अजिबात हलत नाही. आता आवळ."

"एक नट झाला," दादा म्हणाला. इकडे पडद्यावर बाईंची मुलगी उगवली. "आई, किती बारीक झालीस गं!" बाईंनी छत्री खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

संचालकांना ते बघवेना. म्हणजे चांगल्या अर्थाने बघवेना! कधी एकदा दादाला गाठतो असं झालं, आणि ते धडाधड जिना उतरून धावत सुटले. दोन गल्ल्या ओलांडल्या. नाही म्हटलेली पायरी दोन-दोन करत चढले.

वर दादा पाना हातात घेऊन उभा होता, आणि डिश पार वाकून खाली दारात बघत होती.

"हे काय रे, दादा!"

"तू निघालास ना, मग फिरवत आणली," दादा म्हणाला. "वळणावर दिसेनासा झालास. पण म्हटलं, येणार तो दाराशीच येणार."

संचालकांनी दादाच्या हातातला पाना घेतला, आणि हात तसाच धरून ठेवला. "पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी नेणार."

"कशाला? तू लाल शर्ट घालत जा."

वहिनींचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, फोन कानापासून जरा लांब धरला आणि म्हणाल्या, "जाऊबाई म्हणतायत, बाई म्हणाल्या सावकाश होऊ द्या. दोघे भाऊ खूप दिवसांनी भेटलेत."

"गिऱ्हाईक चिडलं नाही ना?" दादाने डोळे बारीक करून पलीकडच्या गच्चीकडे पाहिलं. "काहीतरी हलतंय तिकडे."

"बाई आहेत, दादा. खुशीत हात हलवतायत," संचालक म्हणाले, आणि घाईघाईने डिश वळवायला लागले.

बाई खुर्चीवर उभ्या राहून छत्री परजत होत्या.